पाठीवरचं नाव

५ तारीख, सोमवार

आले एकदाची. खांद्यावर बॅग, हातात बादली, आणि बादलीत ठकूने आग्रहाने कोंबलेली तिची उशी. दवाखान्यात उशा असतात हे सहा वर्षांच्या मुलीला कोण पटवणार? तिला ताईकडे सोडलंय. निघताना रडली नाही. उलट मलाच दम दिला की पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली की थेट घरी यायचं, वाटेत कुणाशी गप्पा मारत बसायचं नाही. माझीच मुलगी ती.

प्रदर्शनाच्या हॉलचं रुग्णालय केलंय. साथ यायच्या आधी लोक इथे सोफे बघायला यायचे म्हणे. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत खाटा, ऑक्सिजनच्या नळ्या आणि भिंतीवर अजून तशीच लटकलेली ‘भव्य सवलत’ची पाटी. मला हसूच आलं.

पहिल्याच दिवशी भांडणही झालं. स्टोअरवाल्याने माझ्या दुप्पट मापाचं पीपीई किट दिलं. मी म्हटलं, यात मी आणि माझी ताई दोघी मावू, बदलून द्या. तो बदलेना, मी हलेना. मागे उभी असलेली सिस्टर खो खो हसली, तिने मार्कर काढला आणि त्या किटच्या पाठीवर लिहिलं, ‘तिखट’. झालं, तेच नाव पडलं. ती माझी खोलीतली जोडीदारीण. तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. का, ते दोन मिनिटांत कळलं. दोन मास्क लावले तरी बाई बंद होत नाही.

किट चढवल्यावर कोण कोण ते ओळखू येत नाही, म्हणून ही नावं. सकाळी खुंटीवर टांगलेल्या किटवर जोडीदाराने आपलं नाव लिहायचं, मग आपण ते चढवायचं. आपलं नाव आपण लिहायचं नाही. का, ते कुणालाच सांगता येत नाही, पण पाळतात सगळे. पाठीवर नाव नसेल तर इन्चार्ज सिस्टर आत सोडत नाहीत, आणि असेल तर कामाला जुंपल्याशिवाय राहत नाहीत. मला जागा आवडली. माणसं चांगली आहेत.

९ तारीख, शुक्रवार

सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. आत घामाच्या धारा, आणि समोरच्या काचेवर पाच मिनिटांत वाफ धरते. मग अंदाजाने शीर शोधायची. आज चार पेशंटना पालथं केलं, म्हणजे श्वास सुधारतो. पाठीचं धिरडं झालंय.

खिडकीजवळच्या खाटेवर बसचे ड्रायव्हरकाका आहेत. धाप लागलेली असतानाही चेष्टा सुटत नाही. मला रोज विचारतात, आज गर्दी किती, उभ्याने जावं लागेल का? रेडिओ त्यांना म्हणाली की तुम्हाला बसायला जागा दिलीय ना, गुपचूप बसा. वॉर्डभर हशा झाला.

संध्याकाळी ठकूशी फोनवर बोलले. दात हलतोय. मी येईपर्यंत पाडायचा नाही असं तिने ठरवलंय.

१९ तारीख, सोमवार

सुट्टी रद्द. निम्मी माणसं आजारी पडलीयत, तेव्हा कुणालाच सुट्टी नाही. मी इन्चार्ज सिस्टरांशी चांगली कडाडून भांडले. त्या शांतपणे ऐकत होत्या. नंतर लक्षात आलं, त्यांचा उभ्या उभ्या डोळा लागला होता.

ठकूला सांगितलं. तिने फोन ताईच्या हातात दिला. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं मला.

ड्रायव्हरकाका दुपारी गेले. मी खाट पुसली आणि पुढच्याला घेतलं. रडू येईल म्हणून थांबले होते क्षणभर, पण आलं नाही.

२३ तारीख, शुक्रवार

रेडिओ गेली.

परवा किट उतरवायच्या खोलीत बोलता बोलता खाली बसली. मला वाटलं, नाटक करतेय. म्हटलंसुद्धा, ऊठ गं, पुरे झालं. तिला दुसऱ्या इमारतीत हलवलं आणि आज निरोप आला. मी तेव्हा कुणाला तरी सलाइन लावत होते. लावून पूर्ण केली.

खोलीत फार शांत वाटतंय. मला तिची बडबड नको व्हायची. आता वाटतं, कुणीतरी बोला.

२४ तारीख, शनिवार

डोकं ठिकाणावर नाही माझं. सकाळी रोजच्या सवयीने खुंटीवरचं किट ओढलं आणि पाठीवर ‘रेडिओ’ लिहून मोकळी झाले. मग आठवलं. फेकवेना, फाडवेना, म्हणून तसंच टांगून ठेवलं. माझं नाव मामांनी लिहून दिलं. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, वय साठीचं.

दुपारी वॉर्डाच्या त्या टोकाला एक सिस्टर पेशंटला पालथं करताना पाठमोरी दिसली. पाठीवर ‘रेडिओ’. वाटलं, किट कमी पडलं म्हणून कुणीतरी तेच घातलं असेल. राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. तेवढेच दोन हात जास्त.

२६ तारीख, सोमवार

मी मामांना विचारलं, ती कोण? ते म्हणाले, माहीत नाही, पण कामाला वाघ आहे. बोलत मात्र नाही. हात लागला तर फार गार लागतो.

ती किट उतरवायला येत नाही. आम्ही जातो तेव्हा ती आत असते, येतो तेव्हाही आत असते. खुंटी परवापासून रिकामी आहे.

आज मुद्दाम तिच्या समोर जाऊन उभी राहिले. आम्हा सगळ्यांच्या काचेवर वाफ असते. तिची काच कोरडी. स्वच्छ. आत बघितलं तर टोपीच्या मागच्या बाजूची शिवण दिसली. तोंड असायला हवं तिथून.

मी काय केलं? बाजूला सरकले. तिला पुढच्या खाटेकडे जायचं होतं.

२८ तारीख, बुधवार

इन्चार्ज सिस्टरांना सगळं सांगितलं. वाटलं, मला वेडी म्हणतील, घरी पाठवतील. देवा, पाठवू देत. त्यांनी एवढंच विचारलं की ती औषधं वेळेवर देते ना? मी म्हटलं, हो.

मग त्यांनी टेबलावरून मार्कर माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, गेलेल्यांची आणखी नावं आहेत, खुंटीवर किटंही आहेत. मी हात मागे घेतला. त्या रागावल्या नाहीत. डोळे मिटून खुर्चीला टेकल्या आणि म्हणाल्या,

“बरं, मग स्वतःचं लिही आणि जा घरी. मला वॉर्डात तिखट हवी आहे. आत तू असलीच पाहिजेस असं नाही.”

मी मार्कर तिथेच ठेवून बाहेर आले.

३० तारीख, शुक्रवार

वॉर्डात आता तीन कोरड्या काचा आहेत. लिहिलं कुणी, कुणी विचारत नाही.

ठकू फोनवर आली नाही. ताई म्हणाली, दात पडला परवा. खेळतेय. हल्ली तुझं नाव काढत नाही गं, बरंच आहे ना, रडत तरी नाही.

बरंच आहे. हो.

माझी मुलगी मला विसरतेय आणि मी इथे बेडपॅन धुतेय.

३१ तारीख, शनिवार

लिहिलं.

स्वतःच्या हाताने. ‘तिखट’. ‘ख’ वाकडा आला. किट हललं. वाऱ्याने असेल. तिथे खिडकी नाही.

मागे बघितलं नाही. बस मिळाली. रात्री घरी पोचले, सकाळी ताईकडे जाईन. ठकूसाठी आले, बाकी मला काही माहीत नाही.

१ तारीख, रविवार

ताईने दार उघडलं आणि माझ्या मागे बघत राहिली. मग म्हणाली, अगं तूच का. किती उतरलीस. बस.

ठकूला जवळ घेतलं. केव्हापासून या क्षणाची वाट बघत होते. आणि काही वाटलं नाही. तिच्या मनगटावर बोटं होती माझी, नाडी मोजत होते. दुपारी ती झोपली तर मी तिला उचलून पालथं केलं. ती घाबरून किंचाळली.

ती माझ्याशी बोलत नाही. ताईला विचारत होती, मी समोर बसलेली असताना—

“मावशी, ही बाई कधी जाणार? माझी आई कधी येणार?”

ताईने तिला गप्प केलं. पण ताईनेही माझ्याकडे बघितलं नाही.

२ तारीख, सोमवार

ताईने वॉर्डात फोन केला. माझी काळजी वाटली म्हणून. विचारायचं होतं त्यांना, हिला तिथे काय झालं—

फोन मी उचलला. तिथे.

स्पीकरवर होता. माझाच आवाज. हसत होता. स्टोअरवाल्याशी भांडण झालं ते सांगत होता. मी पहिल्या दिवशी हसले होते तसा— मला आता तसं हसता येत नाही. करून बघितलं.

रेडिओ गेलेली होती, तिच्या किटला काही मिळालं नाही. मी जिवंत होते. जे काही उरलं होतं माझ्यात ते तिकडे— आणि घरी जे आलं ते—

ठकूने फोन ओढून घेतला. दाताचं सगळं सांगितलं. कित्ती बोलली. मी इथे, हातभर अंतरावर. ठकू, अगं मी इथे आहे, म्हटलं. तिने दुसरा कान झाकला, फोन नीट ऐकू यावा म्हणून.

३, मंगळवार

वॉर्डातल्या तिखटला सुट्टी मिळाली. निघालीय.

ताईने अंथरूण घातलंय. माझ्यासाठी म्हणे. मी म्हटलं, मी तर— ताईने ऐकलं नाही. ऐकू आलं नाही?

सकाळपासून कुणी मला जेवायला बोलावलं नाही. मला भूकही नाही.

दुपार

आली. दारात माझा चेहरा. गालांवर मास्कचे वळ. ठकू पळत गेली, गळ्यात पडली, दोघी रडतायत. खरं रडतायत. तसंच रडायला आले होते मी—

ठकू, ती नाही गं, मी— ठकू—

हाक मारतेय. आवाज फुटत

ताई म्हणतेय, जागा करा, हिला नीट बसू दे. तिने ही खुर्ची उचलून भिंतीशी सरकवली, रिकामी असल्यासारखी, आणि मी अजून तिच्यावर बस