ओळखीचा दाखला

४ मार्च

सकाळपासून एकशे दहा सह्या! बोटं आखडली. "सदर व्यक्तीस मी ........ व्यक्तिशः ओळखतो." कोऱ्या दाखल्यांवर आठवड्याच्या सह्या एकदम ठोकून ठेवतो — नाव, पत्ता, किती वर्षं, सगळं नंतर ऑफिसातल्या बाई भरतात. चौथ्यांदा निवडून आलोय. अख्ख्या वॉर्डाला ओळखतो म्हणे! पोटच्या पोराचा पत्ता मात्र ठाऊक नाही.

५ मार्च

आज साठेक माणसांशी बोललो. घरी आल्यावर एकाशीही नाही.

८ मार्च

सभा. गटारावरून पाच तास हमरीतुमरी. विरोधी गटनेता म्हणाला, "झोपलेले नगरसेवक!" मी तेव्हा खरंच डुलक्या काढत होतो, काय बोलणार? असलं काही घरी येऊन सांगितलं की ही पोट धरून हसायची. आज भिंतीला सांगितलं.

हिच्या शेवटच्या आजारात एकच धोशा होता — "पोराला घरी आणा. तुम्ही गेल्याशिवाय तो यायचा नाही." तो घर सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली. त्याच्या लग्नात पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. मी कुठल्याशा मोर्च्यात अडकलेलो. म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्यांचे आहात, फक्त आमचे नाही." मी म्हणालो, "मग चालता हो!" सभागृहात नको ते बोललो तर शब्द मागे घेता येतात, कामकाजातून काढूनही टाकतात. हे तेवढे राहिले.

त्याची आई गेली तेव्हा आला होता. माझ्याकडे न बघता गेला.

१२ मार्च

टाकीमागच्या गल्लीतून तिसरा अर्ज. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, पोरं अंधारात धडपडतात. "उद्या बघतो," म्हटलं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचा उद्या कधी उजाडतो ते तरी सांगा." दोनच वर्षं झाली त्यांना इथं कामाला लागून, पण जीभ भारी तिखट! तरी तेवढंच कोणी तरी बोलतं माझ्याशी.

१५ मार्च

पोराच्या जुन्या मित्राला रस्त्यात गाठलं. "मला विचारू नका, काका. शपथ घातलीय त्यानं." म्हणजे ठाऊक आहे! आणि मी मेल्यानं साधं "बरा आहे ना?" एवढंही विचारलं नाही. भीती वाटली.

२० मार्च

दाखल्यांच्या प्रती तपासून पाठवा असं वरून पत्र आलं. बाईंनी एक पुढे केली.

"आडनाव तुमचंच की, भाऊ! नात्यातले का? तुम्ही सभेला गेला होतात तेव्हा येऊन गेले. कडेवर मुलगी होती. तिच्या शाळेसाठी पाहिजे होता दाखला. फारच गर्दी होती, म्हटलं तुमचा तुम्हीच भरा."

मुलगी! मी आजोबा आहे आणि मला पत्ता नाही!

पत्ता वाचला. टाकीमागची गल्ली. तीन अर्ज आले आणि मी तीनदा उद्या म्हणालो. पुढचं वाचवेना. काय लिहिलं असेल त्यानं? "ओळखतच नाहीत" असं लिहायचा त्याला हक्क आहे. प्रत घडी घालून खिशात ठेवली.

"भाऊ, बरं वाटत नाही का?" बाईंनी विचारलं.

२१ मार्च

घडी उघडली. अक्षर त्याचंच. "सदर व्यक्तीस मी जन्मापासून व्यक्तिशः ओळखतो." खाली माझी सही.

चपला घालतोय.