मयताच्या तोंडी घातलेला देव

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत खरसुंबे, जि. सांगली.

विषय : मयत श्री. जोतीराम खरमाटे यांचा उतरवलेला श्रद्धांजली फलक परत लावणेबाबत आणि त्याच खांबावरील खोटा फलक काढणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज, ज्याला उत्तर नाही.
२) परवाना विभागाचे तोंडी उत्तर, जे लेखी द्यायला कोणी तयार नाही.

अर्जदार : श्रीमती विजयमाला जोतीराम खरमाटे, रा. एस. टी. स्टँडमागे, खरसुंबे.

महोदय,

अर्जदार सविनय सादर करते की,

१) अर्जदाराचे पती जोतीराम कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर होते. जन्मभर मोटारसायकलवरून ये-जा करून नोकरी केली, कोणाच्या अध्यात-मध्यात पडले नाहीत आणि देव कधी मानला नाही. हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. गणपतीची वर्गणी ते देत, पण पावतीवर नावापुढे 'नास्तिक' असे लिहून घेत. मंडळाची पोरे हसत आणि लिहून देत. गेल्या महिन्यात ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

आपल्याकडे माणूस गेला की चौकात श्रद्धांजलीचा फलक लागतो. जोतीरामने आपल्या फलकाचा मजकूर आजारपणातच तयार केला आणि तो चौकात लावीन असा शब्द अर्जदाराकडून घेतला. मजकूर असा :

"मी, जोतीराम खरमाटे, संपलो. वर कुठेही गेलेलो नाही. माझा दहावा, तेरावा करू नये, कावळ्याची वाट बघू नये. मी देव मानला नाही आणि त्यावाचून माझे काही अडले नाही. माझ्याशी नीट वागलेल्या सर्वांचे, देव मानणाऱ्यांचेसुद्धा, आभार."

यात शिवी नाही. कोणाच्या देवाचे नाव नाही. आभार मात्र आहेत.

२) फलक छापणारे रहिमान हे जोतीरामचे शाळेपासूनचे मित्र, पाच वेळा नमाज पढणारे. मजकूर वाचून ते म्हणाले, "वैनी, ह्यातलं एक अक्षर मला पटत न्हाई. वर गाठ पडली की भांडीन मी त्याच्याशी. पर दोस्ताचं शेवटचं बोलनं हाय, छापनार." आणि त्यांनी छापले. हा मोठेपणा आपल्या कार्यालयात कोणाला झेपला नाही, हे पुढे येईलच.

३) अर्जदाराने रीतसर शुल्क भरले. परवाना विभागाचे लिपिक विश्वजित यांनी शिक्का मारला, फलक लागला. दुसऱ्याच दिवशी आपल्या माणसांनी तो उतरवून कचऱ्याच्या गाडीत टाकला. अर्जदार विचारायला गेली तेव्हा लिपिक म्हणाले, "आवं काकू, मी फोटो बघून शिक्का मारला. श्रद्धांजलीचं बोर्ड कोन वाचतं व्हय? आता लोकांच्या भावना दुखावल्यात." कोणाच्या, ते सांगितले नाही. वर असे सांगितले की मजकूर धार्मिक बाबीचा असल्यामुळे संबंधित धर्मसंस्थेच्या प्रमुखाचे ना हरकत पत्र आणावे. अर्जदाराने विचारले, नास्तिकांचा प्रमुख कुठे बसतो? लिपिक म्हणाले, "असंल की कोन तरी, चौकशी करा."

तरी अर्जदार गेली. महोदय, ती खरोखर गेली. देवळाच्या गुरवांनी सही दिली. मशिदीच्या विश्वस्तांनी चहा पाजून सही दिली. जैन बस्तीच्या पुजाऱ्यांनीही सही दिली. ज्यांच्या भावना दुखावल्या म्हणता, त्या सगळ्यांची हरकत नाही असे निघाले. या सह्या बघून लिपिक म्हणाले की ही सगळी देव मानणाऱ्यांची पत्रे आहेत, ती चालत नाहीत. यावर अर्जदार काय बोलली ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

४) मग हरकत कोणाची, तर आकाराम खरमाटे यांची. हे अर्जदाराचे दीर असून पुढच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत. ते अर्जदाराच्या दारात येऊन म्हणाले, "वैनी, भाऊ माझा हाय. देव न्हाई म्हनून बोर्ड परत लागला तर लोकं माझ्या तोंडात शेन घालतील." त्यांनी आता त्याच खांबावर आपला फलक लावला आहे. 'कै. जोतीराम यांच्या आत्म्यास ईश्वर चिरशांती देवो.' वर शंकर, खाली हात जोडलेले, गॉगल घातलेले आकाराम, मयताच्या दुप्पट आकाराचे. आणि जोतीरामच्या कपाळावर संगणकाने गंध लावले आहे. लग्नातसुद्धा ज्या माणसाने गंध पुसून टाकले, त्याला मेल्यावर धरून गंध लावले. त्याला हात झटकता येत नाही म्हणून लावले. या फलकाला परवाना नाही, शुल्क नाही, ना हरकत कोणी मागितली नाही. तो पाहून कोणाची भावना दुखावली का, असे आपण विचारलेत तर अर्जदाराची दुखावली आहे. तिची नोंद घ्यावी.

५) याहून वाईट असे की आपल्या कार्यालयाने रहिमान यांना बोलावून, "तू दुसऱ्यांच्या धर्मात कशाला पडतोस?" असे दटावले आणि असा मजकूर पुन्हा छापणार नाही असा माफीनामा लिहून घेतला. देव नाही म्हणाले जोतीराम, आणि माफी मागायची ती देव मानणाऱ्या रहिमाननी. हे कोणत्या कायद्यात बसते? साठी उलटलेला माणूस, घरी येऊन अर्जदारासमोर मान वर करीना. अर्जदाराला याची चीड आली आहे आणि ती अर्ज मंजूर झाला तरी जाणार नाही.

६) आपण समजाल की अर्जदारही तसलीच. तर अर्जदार देव मानते. रोज पूजा करते, सोमवार धरते. नवऱ्याचा दहावा करावा, घाटावर कावळा शिवलेला डोळ्यांनी बघावा, असे तिला फार वाटत होते. ते न केल्यामुळे तिला रात्र रात्र झोप नाही. पण जोतीरामने तिला जोतिबाच्या डोंगरावर दरसाल मोटारसायकलवरून नेले आणि ते पायरीशी तिच्या चपला राखत बसले. देवळात ये म्हटले तर नको म्हणाले, तू जाऊ नको असे मात्र एकदाही म्हणाले नाहीत. अशा माणसाचे शेवटचे बोलणे अर्जदाराने देवाच्या धाकाने गिळले, तर त्या देवापुढे तिने कोणत्या तोंडाने बसावे?

७) सबब विनंती की आकाराम यांचा फलक काढावा, जोतीरामचा फलक परत लावावा आणि रहिमान यांचा माफीनामा त्यांच्या हातात परत द्यावा, देताना त्यांची माफी मागावी.

रहिमान यांना छापायला बंदी असल्यामुळे अर्जदाराने तोच मजकूर स्वतःच्या हाताने, तांबड्या रंगाने, चादरीवर लिहिला आहे. येत्या सोमवारी देवपूजा उरकून ती चादर धरून ती आकारामच्या फलकाखाली उभी राहील आणि रोज राहील. खांब नगरपंचायतीचा आहे, हात अर्जदाराचे आहेत. बाईने नवऱ्याचे बोलणे हातात धरायलाही परवाना लागत असेल, तर तसे लेखी कळवावे.

आपली, आजवर नम्र राहिलेली,
(सही)
विजयमाला जोतीराम खरमाटे

खरसुंबे, दि. १२ जून २०२५

सोबत : १) शुल्काची पावती. २) चालत नाहीत असे सांगितलेली तीन ना हरकत पत्रे. ३) दोन्ही फलकांचे फोटो.

प्रत : श्री. आकाराम खरमाटे यांना. अर्जदार स्वतः नेऊन देईल आणि वाचूनही दाखवील.