आईची चप्पल

ती. आईस,
तुझ्या ठकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं न वाचताच दादाला फोन लावायला लावशील.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं नवं यंत्र आलं. ते नीट चालतंय का बघायला मी माझंच रक्त दिलं, तर त्यात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य हवं त्याच्या दुप्पट निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाय बधिर होतात का गं?" मी नाही म्हटलं. त्यांनी नसा तपासायचा धातूचा चिमटा आपटून तो थरथरत असतानाच माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकवला. ती थरथर मला जाणवलीच नाही.

आपण खातो त्या प्रथिनांतून हे होमोसिस्टीन बनतं. दूध-अंड्यांतून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व असलं की शरीर त्याला पुन्हा कामाला लावतं. ते कमी पडलं की होमोसिस्टीन रक्तात साचतं आणि नसाही दुबळ्या होतात, विसरायलाही होतं. आता इंजेक्शनं चालू आहेत. काल फरशीचा गारवा तळव्यांना लागला आणि मला रडूच आलं.

तू आठवलीस गं. सगळ्यांना दूध वाटून झाल्यावर पातेलं विसळून पिणारी. रस्त्यात तुझी चप्पल निसटायची आणि तुला पत्ताच नसायचा. आम्ही ती घेऊन खिदळत मागून यायचो. "वय झालं रे," म्हणायचीस. तेव्हा तू चाळिशीचीही नव्हतीस.

हल्ली तू नावं विसरतेस, असं दादा म्हणाला. खरं का? ताकदीच्या गोळ्या नुसत्याच घेऊ नकोस, आधी त्याच्याबरोबर जाऊन बी-बारा तपासून घे. "मला काय धाड भरलीये," म्हणशील. तरी माझ्यासाठी जा.

रक्त देऊन आलीस की मगच उत्तर लिही.

तुझीच,
ठकी