बाटल्या ढकलायची शिकवणी

३ मार्च
छप्पन्नाव्या वर्षी व्हिडिओ गेम! डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालूच राहतील, समुपदेशनही. हा त्याच्या जोडीला मेंदूचा व्यायाम." व्यायाम कसला — स्क्रीनवर दारूचं चित्र आलं की दांडी पुढे ढकलायची, चित्र लहान होत नाहीसं होतं. सरबताचं आलं की आपल्याकडे ओढायची. पंधरा मिनिटं तेच. तीस वर्षं कापड कापलेला हात हा!

"मेंदूला सवय लागते, काकू," गेमवाली मुलगी म्हणते. सवयी लावायला हिची काय गरज? माझ्या मी लावल्यात की!

५ मार्च
लेक शेजारी बसते, परीक्षेच्या वर्गातल्या बाईंसारखी. सातवा महिना, पाय सुजलेत, तरी येते. काल तिनं घरातली एकूण एक बाटली फेकली. काचेचे ग्लास, व्हिनेगर, माझं खोकल्याचं औषधसुद्धा! अगं, सुखानं खोकू तरी दे.

अट तिनं आधीच घातली आहे. "बाराच्या बारा वेळा जायचं. डॉक्टरांनी ठीक आहे म्हटलं, की बाळ तुझ्या हातात. त्याआधी नाही, आई." आवाज चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

७ मार्च
डोकं दुखतंय. ढकल, ओढ, ढकल. वैताग!

१२ मार्च
गेममध्ये सत्तर टक्के. पण चित्रं काय एकेक! लांब दांड्याचे ग्लास, फेसाळलेले मग, ऐटबाज लेबलं. अशा थाटात प्यायला वेळ कुणाला होता? माझा निळा फ्लास्क कटिंगच्या टेबलाखाली असायचा. त्याच्या झाकणातून घोट घोट. वर्कशॉपमध्ये सगळे म्हणायचे, बाईंना चहा फार लागतो. मग एके दिवशी मी चाळीस बाह्या कापल्या, चाळीसही डाव्या हाताच्या! मालकांनी लेकीला फोन केला. तिला वाटतं मी घरीच पीत होते, कपाटातल्या बाटलीतून. फ्लास्कचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

साप सोडून भुई धोपटणं चाललंय.

१४ मार्च
लेकीनं नवीन काढलंय. सकाळी स्वतः चहा करते, फ्लास्क भरते, हातात देते. तोच निळा! "कामावर घोट घोट पीत राहा, आई. मन तिकडे जाणार नाही." घेतला आणि निघाले.

१९ मार्च
ऐंशी टक्के! सकाळी. दुपारी तिचा चहा वर्कशॉपच्या बेसिनमध्ये ओतला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानातली मांडलेली बाटली बघून हात आखडला, खरं सांगते. म्हणजे मेली शिकवणी काहीतरी करतेच! पण एकदा फ्लास्कमध्ये ओतल्यावर झाकण उघडताना काही झालं नाही. फ्लास्क ढकलायला मला कुणी शिकवलंय?

संडासात जाऊन रडले. मग तोंड धुऊन पुन्हा कापायला बसले.

२१ मार्च
आजही.

२४ मार्च
आजही. सकाळी लेक विचारते, "साखर बरोबर असते ना गं?" हो म्हटलं. माझ्या थोबाडीत मारायला हवं कुणीतरी.

२८ मार्च
बारावी वेळ. सत्त्याण्णव टक्के! गेमवालीनं टाळ्या वाजवल्या. जावई घ्यायला आले होते, म्हणाले, "आई, तुम्ही तर पहिला नंबर काढलात." लेकीनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बाळा, आजी पास झाली बघ." आतून लाथ बसली, चांगली जोरात.

फ्लास्क पायाशी पिशवीत होता. अर्धा रिकामा. मी हात काढून घेतला. लेकीला वाटलं मी लाजले.

सोमवारी डॉक्टर बघणार, मग सुटले. गप्प बसले तर बाळ माझ्या मांडीवर. आणि फ्लास्क टेबलाखाली.

३१ मार्च
डॉक्टर "ठीक आहे" म्हणायच्या आत मी फ्लास्क टेबलावर ठेवला. "याचा फोटो काढा, तुमच्या गेममध्ये घाला. पहिल्यापासून सुरू करते."

लेकीनं झाकण उघडून वास घेतला. "मीच भरून देत होते," एवढंच म्हणाली. बाळाचं मी विचारलं नाही.

पण गेमवाली फोटो काढायला लागली, तेव्हा फ्लास्क नीट उजेडात लेकीनंच धरला.