आईंचा उजवा ठोसा

६ फेब्रुवारी

हे गेले त्याला दोन महिने होत आले. डॉक्टर म्हणाले, सासूबाईंना रोज जरा फिरायला बाहेर काढा. आई फिरायला तयार नाहीत. "कोपऱ्याकोपऱ्यावर लोक अडवतात. कसं झालं हो, म्हणून विचारतात!" मग खालच्या रस्त्यावर बॉक्सिंगच्या हॉलची पाटी दिसली. नवशिक्यांसाठी, सकाळी. "इथे येते मी. इथे बोलायचं नसतं, मारायचं असतं." सत्तरीला टेकलेली बाई! मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते.

९ फेब्रुवारी

जोडी लागते म्हणून मलाही उभं केलं. पॅड मी धरायचे, मारायचं आईंनी. मास्तर पोरसवदा, आवाज मात्र खणखणीत. "अंगठा मुठीच्या बाहेर, आजी! आत ठेवलात तर मोडेल." मग — उजवा ठोसा हातातून नाही, मागच्या टाचेतून निघतो. टाच वळली की कंबर वळते, खांदा येतो, हात आपोआप जातो. आणि लगेच परत गालाशी.

आईंनी मारलं. "आजी, दार वाजवताय का?" सगळे हसले, आईसुद्धा. मी हसले का, आठवत नाही.

प्रत्येक ठोशानंतर आईंचं एकच — "लागलं का गं?"

"नाही, आई."

१२ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. बावीसला, रविवारी, आईंना कायमचं न्यायला येते. "वहिनी, तू तरी किती करशील? तुझं वय आहे अजून. मोकळी हो."

बरं म्हटलं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "तू काय म्हणतेस?"

"तुमची मर्जी."

"हं," म्हणाल्या. त्यांची बॅग माळ्यावरून काढून दिली. धूळही पुसली. काही वाटलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज मास्तर मलाच ओरडला. "ताई, पॅड सैल सोडू नका! ठोसा आला की तुम्हीही थोडं पुढे दाबायचं. समोर काहीच नसलं तर मारणाऱ्याचाच खांदा जातो."

बरं.

आई मारताना श्वास कोंडून धरतात. "सोडा, आजी! तोंडाने! आवाज आला पाहिजे!" नाही आला.

१९ फेब्रुवारी

आज आला. टाच वळली, कंबर वळली — मी बघतच राहिले आणि पॅड दाबायचं राहून गेलं. आईंचा उजवा पॅडवरून घसरून सरळ माझ्या तोंडावर! ओठ फुटला. आई दातांनी ग्लोव्ह ओढत माझ्याकडे धावल्या. "लागलं का गं? अगं, लागलं का?"

"हो," म्हटलं. "लागलं, आई. खूप लागलंय."

आणि मग थांबेचना. तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. "जाऊ नका हो" असंही म्हणाले. ग्लोव्ह निघत नव्हता, तशाच हातांनी आईंनी माझं डोकं धरून ठेवलं. त्याही रडत होत्या. मास्तर बर्फ घेऊन आला.

२२ फेब्रुवारी

नणंद आली. बॅग दारात. आई म्हणाल्या, "हिचा ओठ फोडून ठेवलाय मी. तो बरा झाल्याशिवाय कशी येऊ?"

सूज कालच उतरली. तरी मी ओठाला बर्फ धरून बसले होते.