सासूबाईंचा ऐवज आणि ऊन

३ मार्च

"माझा ऐवज उन्हात न्यायचा नाही!" — सासूबाई, आज सकाळी, चहाचा कप माझ्यापुढे आदळून.

ऐवज म्हणजे त्यांची डावी किडनी. सात महिने झाले, ती माझ्या पोटात आहे. हॉस्पिटलचं नाव काढताच माझ्या भावाने फोन उचलणं बंद केलं. नवऱ्याला साखर. आणि जिच्याशी मी अकरा वर्षं मिठावरून, पडद्यांवरून, ओला टॉवेल कुठे टाकायचा यावरून भांडले, ती बाई उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "माझी तपासा." एवढंच!

आता भांडण कामावरून. रोपवाटिकेच्या बाईंचा फोन होता — एक तारखेपर्यंत तुझी जागा ठेवते, मग दुसरी कुणीतरी बघावी लागेल. चौदा वर्षं मी तिथे गुलाबाची कलमं बांधली. "आता तुझंच कलम झालं की गं!" असंही म्हणाल्या. हा विनोद सगळ्यांनाच सुचतो. मी दर वेळी हसते.

५ मार्च

तपासणी. रिपोर्ट चांगले. डॉक्टर म्हणाले, कामावर जायला हरकत नाही, पण किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत त्यांनी कातडी उन्हाला हळवी होते, पुढेमागे कातडीच्या कॅन्सरचाही धोका. म्हणून टोपी, लांब बाह्या, रोज सनस्क्रीन. माती हातमोजे घालूनच. खताच्या ढिगाकडे फिरकायचं नाही.

मी "कामावर जा" एवढंच ऐकलं. सासूबाईंनी "कॅन्सर" एवढंच ऐकलं. परत येताना बसमध्ये शेजारी शेजारी बसलो, तोंडं दोन दिशांना.

८ मार्च

दुपारभर मोबाईलवर सनस्क्रीन. अबब! जेल, लोशन, कांडी, फवारा. एक म्हणतं चेहरा चमकेल, दुसरं म्हणतं चमकणार नाही. मला चमकायचं नाहीये हो, काम करायचंय!

सगळ्यांवर एसपीएफ तीस नाहीतर पन्नास. हसूच आलं. रोपवाटिकेतली हिरवी जाळी अशीच आकड्यावर मिळते. पन्नासची जाळी म्हणजे निम्मं ऊन आत येणार. गुलाबाच्या कोवळ्या रोपांना ठीक आहे. नाजूक झाडांना पंचाहत्तर, नव्वद लागते. मग माझ्यासारख्या हळव्या रोपाचं पन्नासात कसं भागणार? तीसवाली सगळी काढूनच टाकली. शोधता शोधता एक एकशे दहाचं सापडलं! कंपनीचा पत्ता ना मुदतीची तारीख, पण आकडा दणदणीत. घ्यायच्या यादीत टाकलं.

९ मार्च

लोकांचे अभिप्राय वाचत बसले. "बायकोसाठी घेतलं. अप्रतिम आहे. अजून उघडलेलं नाही." — पाच तारे! एकीने एकच तारा दिलाय, कारण खोकं चेपलेलं आलं.

सासूबाई मागून डोकावल्या. "ही बघ, हिच्या तोंडावर पुरळ उठलं म्हणते. असली मलमं फासून ऊन थांबतं होय? घरात बस म्हटलं ना तुला!"

आणि मी बोलले. "आई, किडनी तुमची आहे. बाकीची मी माझी आहे!"

त्या वळल्या. स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं. मीच चपला घातल्या, मोबाईल टेबलावर तसाच टाकला आणि अंधार पडेपर्यंत कोपऱ्यावरच्या बागेत बसून राहिले.

१० मार्च

माफी मागितली. "हं," म्हणाल्या. गोळ्यांचा डबा मात्र रोजच्यासारखा भरून ठेवलेला होता — सकाळच्या, संध्याकाळच्या, वेगवेगळ्या कप्प्यांत.

कुठल्या तोंडाने बोलले मी तसं!

१२ मार्च

किडनी विभागातल्या सिस्टरना फोन केला. सकाळच्या गोळ्यांनंतर तासभर हात कापतात, म्हणून स्पीकरवर. सासूबाई समोर भाजी निवडत होत्या, ऐकत नसल्यासारख्या.

मी माझा जाळीचा हिशोब सांगितला. सिस्टर एवढ्या हसल्या की फोन ठेवतात की काय वाटलं. "अगं, ही तुझी जाळी नव्हे! पन्नास म्हणजे भाजणारी किरणं शंभरातली साधारण अठ्ठ्याण्णव अडतात. तीस म्हणजे सत्त्याण्णव." तुला पन्नास घे, म्हणाल्या, पण आकड्यामागे धावू नको. दोन्ही प्रकारची किरणं अडवतं असं लिहिलेलं घे, सीलबंद, मुदत बघून, खात्रीच्या दुकानातून. आणि ठिपका लावून मिरवू नको! दोन बोटं भरून चेहऱ्याला आणि मानेला, कान विसरायचे नाहीत, दर दोन तासांनी परत.

एकशे दहाला रामराम. बिचाऱ्या सिस्टर, माझ्यासारखी किती डोकी रोज सांभाळत असतील! सात महिन्यांत एकदाही वसकन् अंगावर आल्या नाहीत.

१६ मार्च

शेवटी दोन उरली. दोन्ही पन्नासची, दोन्हींवर सगळं नीट लिहिलेलं. एक ट्यूब, तिला फिरकीचं बारीक झाकण. दुसरी बाटली, वरून दाबायची. माझ्या कापऱ्या हातांना फिरकी कशी जमणार? बाटली मागवली. दोन तास यात गेले, पण हात कापतात म्हणून बाटली निवडणारी मी आज जिवंत आहे, ही काय लहान गोष्ट झाली!

सोबत मान झाकणारी टोपी आणि लांब बाह्यांचे दोन शर्ट. नवरा म्हणतो, "चंद्रावर निघालीस का?"

२० मार्च

पार्सल आलं. दोन बोटं भरून लावलं. नवरा: "भिंतीला प्रायमर मारलाय!" पाच मिनिटांनी जरा माणसात आले.

सासूबाई जाता जाता थांबल्या. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "कान राहिलेत." आणि स्वतःच चोळले, कानामागेही. अकरा वर्षांत त्यांचा हात पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याला लागला. डोळे भरून आले. सनस्क्रीन डोळ्यांत गेलं म्हणाले.

कामाचं विचारायचं धाडस झालं नाही.

२४ मार्च

काही नाही. टोपी खुंटीवर.

२६ मार्च

ठरवलं. नाही जायचं. त्या हो म्हणत नाहीत, आणि त्यांना दुखावून जाण्याइतकी मी आता माझी एकटीची राहिले नाही. यात रडण्यासारखं काय आहे? सकाळी उठते, पोटभर पाणी पिते — दोन वर्षं पाणी मोजून प्यायले होते! हे ज्यांच्यामुळे, त्यांच्यासाठी एवढं सोडता येईल. सोडता यायला हवं.

उद्या बाईंना नाही कळवते.

२७ मार्च

फोन लावायला मोबाईल उचलला, तर सनस्क्रीनच्या त्या ऑनलाइन दुकानाचा निरोप — "तुमच्या प्रश्नाला पाच जणांनी उत्तर दिलं आहे." मी कधी प्रश्न विचारला? उघडलं. नऊ मार्च, संध्याकाळी सव्वासात. सासूबाईंना टाइप करता येत नाही, त्या मोबाईलला तोंडी सांगतात. तो सगळंच लिहून घेतो.

"माझ्या मुलीला किडनी बसवली आहे ती उन्हात रोपवाटिकेत काम करते तिच्यासारखी कलमं कुणाला जमत नाहीत मी घरात बस म्हणते कारण मला भीती वाटते पण घरात ती सुकत चालली आहे हे लावून तिला कामावर पाठवू का थांब जरा कुकर बंद करते कृपया खरं सांगा"

मुलीला.

बाईंना फोन केला. एक तारखेला येते म्हटलं.