भावाच्या पाठीवरचं बोट

गुरुजी, आज माझ्या नातीनं वर्गात उत्तर दिलं. कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय. शेजारणीला सांगितलं, येताना रिक्षावाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आजी, पाय आत घ्या." नात बदलापूरच्या शाळेत तिसरीत आहे. कानाला मशीन आहे, तरी कमीच ऐकू येतं. तिच्या मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलतच नाहीत, का तर पोरीला ओठ दिसले पाहिजेत. शिवाय सगळ्या पोरांच्या जोड्या लावल्यात. मॅडमनी नाव घेतलं की जोडीदारीण नातीच्या पाठीवर बोट टेकवते, मग ही मान वर करते. आज धडा भाताचा. कुणी लिहिलं, कुणी चित्र काढलं, एका पोराची अक्षरं उलटी पडतात, त्यानं तोंडी सांगितलं. नातीनं घमेल्यात चिखल करून लावणी करून दाखवली. रोपं मीच नेली होती चामटोलीहून, गुडघे धरत. एक जण म्हणाला, "मॅडम, ही तर शेतकरीण." ही ओठ बघून म्हणते कशी, "मग तू काय, नुसता गिळणार?" मॅडमही हसल्या.

मी दाराशी उभी राहून ते बोट बघत होते. गुरुजी, तसंच बोट मी माझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर टेकवायचे. आपल्या शाळेची एकच खोली, चारही वर्ग त्यात. तुम्ही त्याला हाक मारलीत की मी मागून टोचायचे, तो उभा राहायचा. तुम्ही पकडलंत. "दुसऱ्याच्या डोक्यानं पास व्हायचंय का रे?" म्हणालात आणि मला पार भिंतीकडे पोरींत बसवलंत. मग तुम्ही हाका मारताय आणि तो आपला अंगठ्यानं पाटी पुसतोय. माजलाय म्हणून छडी खातोय. आई कानात कोमट तेल घालायची. तुम्ही तिला म्हणालात, "कान नाही, डोकं बंद आहे याचं." पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. म्हशींमागे गेला, मोठेपणी अंबरनाथला एमआयडीसीत हमालीला. कंपनीच्या गेटात टँकर मागे येत होता. सगळे ओरडले म्हणतात. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा.

मॅडम कंत्राटी आहेत, दिवाळीनंतर नसतील. हेडमास्तर म्हणाले, "नव्या शिक्षकांना हे जमेलच असं नाही आजी, पोरीला कल्याणच्या स्पेशल शाळेत टाका." मुलगा शिफ्टला, सून कंपनीत, मला स्टेशनचा जिना चढवत नाही. रोज नेणार कोण? घरीच बसेल ती, मला ठाऊक आहे. मॅडम म्हणाल्या, "फार काही लागत नाही. पोरांना सवय झालीय. तेवढ्या जोड्या मोडू नका म्हणावं." तेच सांगायला उद्या जायचंय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही आज हयात असतात तरी टाकलं नसतं, तुमच्या आवाजाची भीती या वयातही गेलेली नाही. उद्या हेडमास्तरांपुढं तोंड उघडायचंय, म्हणून आधी तुमच्यापुढं उघडून बघितलं.